इंजनाचा दिवा आणि कुंडलचा आकाराम

"गेलेल्याला परतायला वाट ठेवा, मग उजेड आपसूक पडतो."

आमच्या कुंडलात हे वाक्य आकारामच्या तोंडून ऐकलं नाही, असा माणूस सापडायचा नाही. परक्याला वाटायचं, गडी माळकरी असावा, आत्म्याबद्दल बोलतोय. एकदा तर मयतीच्या जागी तो हे सहज बोलून गेला आणि चार म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आकाराम बोलत होता विजेबद्दल. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यापर्यंत जातो, पण परत बॅटरीकडं यायला वाट नसेल तर तो मुळात निघतच नाही. जाणाऱ्या तारेची काळजी सगळे करतात, परतीची कुणी करत नाही, म्हणून जगात निम्मे दिवे पेटत नाहीत. एवढंच त्याचं शास्त्र होतं, आणि त्यावर त्यानं तीस वर्षं काढली होती.

सतरा वर्षं तो लष्करात गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होता. जोंगा जीप, ट्रक, पाण्याचे टँकर. लडाखच्या थंडीत हातमोजे काढून त्यानं तारा जोडल्या होत्या, आणि त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना त्यानंतर कधी चटका कळला नाही. पेन्शनीत आल्यावर उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. उसाच्या हंगामात तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागायची. ट्रॅक्टर काय, ट्रक काय, या गाड्यांच्या दिव्याला एकच तार ओढतात. परतीची तार ओढत नाहीत. दिवा गाडीच्या लोखंडाला टेकवतात आणि करंट त्या लोखंडी अंगातनं परत येतो. मिस्त्री लोक याला बॉडी अर्थिंग म्हणतात. चिखलानं, गंजानं, रंगाच्या थरानं ही वाट कच्ची होते. मग दिवा मंद पेटतो, डोळे मिचकावतो. आकाराम दिव्याकडं नुसतं बघायचा, कानस घेऊन एक बोल्ट घासायचा, तिथं तारेचा तुकडा आवळायचा, आणि दिवा भक्कन पेटायचा. मागून ड्रायव्हर म्हणायचा, "मिस्त्री, जादू केली!" आकाराम मान हलवायचा. "जादू न्हाई रं. वाट दिली."

पण वाटा सगळ्यांच्याच बदलतात. नव्या गाड्या कंपनीच्या तयार तारा घेऊन यायला लागल्या. शेडच्या जागेवर मालकानं लॉज बांधायला काढला. शहाण्णव साली आकाराम आपली हत्यारं पोत्यात घालून कुंडलला आला आणि ओसरीवर बसला. वय बावन्न. बायको अंजना दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची आणि संध्याकाळी येऊन त्याच ओसरीवरनं मुकाट आत जायची.

तिच्या भावानं फलटणकडच्या एका साखर कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. माजी सैनिक म्हणून रखवालदाराची जागा. खाकी कपडे, शिट्टी, काठी.

"ज्या हातात टेस्टर धरला त्या हातात काठी धरणार न्हाई," आकाराम म्हणायचा.

"मग काय धरणार हाय?" अंजना विचारायची. तो पोत्यातली हत्यारं पुन्हा पुसायला घ्यायचा. रखवालदारीला त्याचा नकार नव्हता खरं म्हणजे. काठी धरली की आपण मिस्त्री उरणार नाही, एवढीच त्याला भीती होती. आणि ही भीती बायकोला सांगण्यासारखी नव्हती.

अशात सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर सांगलीहून पोस्टकार्ड आलं. पाठवणाऱ्याचं नाव देवदत्त सहस्रबुद्धे.

हे सहस्रबुद्धे म्हणजे विश्रामबागेतले निवृत्त वकील. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून येताना उंब्रजजवळ त्यांच्या मोटारीचे दिवे गेले होते. आकारामनं एक बोल्ट घासून ते पेटवून दिले होते. वकिलांनी तेव्हाच त्याचा गावाकडचा पत्ता वहीत लिहून घेतला होता.

आकाराम सांगलीला गेला. वकिलांनी त्याला जिन्यावरनं वर नेलं आणि दार उघडलं. आकाराम उंबऱ्यातच थांबला. चाळीस हात लांब हॉल, आणि हॉलभर कमरेएवढ्या उंचीची टेबलं. टेबलांवर रूळ. प्लास्टरचे डोंगर, बोगदे, कौलारू स्टेशन, बोटाएवढे हमाल, आणि मधोमध कृष्णेवरचा पूल, त्याच्या कमानींसकट. वकिलांचे धाकटे भाऊ सुमंत जर्मनीत कारखान्यात इंजिनिअर होते. पंधरा वर्षांत त्यांनी नऊ इंजिनं आणून दिली होती. प्रत्येक वीतभर लांब आणि हुबेहूब.

"कशी वाटली आमची रेल्वे?" वकिलांनी विचारलं.

"साहेब, ह्यात कोळसा कोण टाकतं?" आकाराम म्हणाला, आणि दोघंही हसले.

वकिलांच्या मनात होतं ते असं. हा हॉल शाळांच्या पोरांसाठी उघडायचा. सांभाळायला एक कायमचा मिस्त्री ठेवायचा, खाली राहायला खोली द्यायची. पण त्याआधी रेल्वे नव्या पद्धतीची करायची. जुन्या पद्धतीत रुळात करंट सोडला की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळायची, आणि इंजिन थांबलं की त्याचा दिवा विझायचा. नव्या पद्धतीत रुळात करंट कायम भरलेला असतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक चकती बसवायची, डिकोडर नावाची. हातातल्या डब्यावरनं हुकूम सुटतो, तो ज्या इंजिनासाठी असेल त्याचीच चकती तो ओळखते. मग एक पळतं, दुसरं उभं राहतं, आणि उभ्या इंजिनाचा दिवाही चालू राहतो.

"मला तेच बघायचंय," वकील म्हणाले. "स्टेशनात गाडी उभी आहे आणि दिवा पेटलेला आहे. जिवंत वाटलं पाहिजे. सुमंतनं दोन चकत्या आणल्या आहेत. एका इंजिनाला बसवून दाखवा. ते जमलं की बाकीच्या मागवू, आणि जागा तुमची."

आकारामनं इंजिन तळहातावर घेतलं. त्याच्या मनातून फलटण त्याच क्षणी पुसलं गेलं.

चकतीबरोबर एक कागद होता, जर्मन भाषेतला. वकील जाड शब्दकोश घेऊन बसले आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. लाल आणि काळी तार रुळाकडून येणाऱ्या करंटला. नारिंगी आणि राखाडी मोटरला. मोटर इंजिनाच्या बॉडीला कुठंही टेकता कामा नये. पांढरी तार पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला. आणि निळी...

"निळी दोन्ही दिव्यांची सामाईक," वकील म्हणाले.

आकाराम कामाला बसला. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून त्यानं मोटर सोडवली. तिचा एक पाय बॉडीला टेकत होता, तिथं जुन्या रेडिओतल्या फायबरचा तुकडा कापून घातला. तारा जोडताना कथलाचे पेन्सिलीच्या शिसासारखे बारीक डाग त्यानं असे दिले, की वकिलांच्या पत्नी विनोदिनीबाई बघायला आल्या त्या दीड तास तिथंच उभ्या राहिल्या. "माझ्या नथीचं काम सोनारानं इतकं नाजूक केलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. आकाराम लाजला.

मग दिवा. पुढचा दिवा एका पितळी पट्टीनं इंजिनाच्या बॉडीला स्क्रूनं आवळलेला होता. आकारामनं त्याला पांढरी तार जोडली.

वकिलांनी कागदातल्या चित्रावर बोट ठेवलं. "आकाराम, इथं दिव्याला दोन तारा दाखवल्या आहेत. आपल्या दिव्याला एकच आहे."

आकाराम भिंग न काढता हसला. "साहेब, चित्र काढणाऱ्याला काय, रेघ मारायला पैसं पडत न्हाईत. दिव्याची दुसरी तार म्हंजे बॉडी. आमच्यात पोरंसोरंबी जाणत्यात."

वकील कायद्याचे पंडित होते, विजेचे नव्हते. त्यांनी कागदावरचं बोट उचललं. निळी तार आकारामनं टोक गुंडाळून तशीच ठेवली.

इंजिन रुळावर ठेवलं. डब्यावर बटण दाबलं. इंजिन निघालं, पुलावरनं गेलं, स्टेशनात येऊन थांबलं. आणि थांबल्यावरही त्याचा दिवा पेटलेला होता. विनोदिनीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

पण दिवा मंद होता. पिवळट, थरथरता, पणतीत तेल संपत आल्यासारखा. वकिलांच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावर थांबलं. "असाच असतो का हा?"

"न्हाई," आकाराम ठामपणे म्हणाला. मंद दिवा आणि थरथर. अशा हजारो ट्रॉल्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. हा आजार त्याच्या इतका ओळखीचा होता की त्याला बरं वाटलं. "अर्थिंग कच्ची हाय साहेब. परतीची वाट लहान पडतीया. दोन मिंटांचं काम."

त्यानं स्क्रूखालचा रंग खरवडला. दिवा तसाच. मग त्याची नजर गुंडाळलेल्या निळ्या तारेवर गेली. दोन्ही दिव्यांची सामाईक तार. ट्रॅक्टरला सगळ्या दिव्यांचं सामाईक काय असतं? बॉडी. मग ही तार बॉडीलाच जायला पाहिजे, ती जोडली नाही म्हणूनच वाट अपुरी पडली. सगळं कसं जाग्यावर बसलं. त्यानं निळी तार बॉडीला पक्की डागली आणि इंजिन रुळावर ठेवलं.

इंजिनाच्या धुराड्यातून धुराची बारीक रेघ वर आली.

"अगबाई! धूरसुद्धा येतो का याला?" विनोदिनीबाई कौतुकानं म्हणाल्या.

मग वास आला.

चकती जळाली होती. आकारामनं ती काढून उलटसुलट केली. एवढ्याशा अंगावर एक काळा डाग, तिळाएवढा. "पीस खराब निघाला साहेब," तो म्हणाला. "लष्करातबी शंभरात दोन निघत्यातच." तो खोटं बोलत नव्हता. त्याला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. बॉडीला तार जोडल्यानं काही जळतं, हे त्यानं तीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. जमिनीवर पाय ठेवताना ती जमीन आहे का हे कोण बघतं? तशी बॉडी. ती तपासायची नसते.

वकील खूप वेळ दुसऱ्या चकतीची डबी हातात फिरवत राहिले. "ही शेवटची. सुमंत आता दोन वर्षं यायचा नाही, आणि टपालानं अशा वस्तू येत नाहीत."

"इंजान घरी न्हेतो. शांतपणानं करतो," आकाराम म्हणाला.

इंजिन धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, डालड्याच्या डब्यात घालून त्यानं कुंडलला आणलं. आठ दिवस ओसरीवर बैठक मांडली. त्याचा वर्गमित्र हंबीरराव, सोसायटीचा माजी चेअरमन, रोज येऊन कट्ट्यावर टेकायचा. कारण गावात चेष्टा करायला आकारामइतका सोयीचा माणूस उरला नव्हता.

"काय रं आकारामा, हे इंजान ऊस किती वढतंय?"

"तुझ्या रानातला सगळा वढंल. हायच किती!"

"आन ताकारीला टेशनात थांबंल का न्हाई?"

"तू फलाटावर हुभा असलास तर न्हाई थांबायचं."

आत अंजना हसली. त्या आठ दिवसांत ती बऱ्याच दिवसांनी हसली होती. तिला खोलीचं कळलं होतं. सांगलीत खोली, नळाचं पाणी, आणि नवरा पुन्हा हत्यारं घेऊन बसलेला. सहाव्या दिवशी फलटणहून कारखान्याचं पत्र आलं: एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. तिनं ते त्याच्यापुढं ठेवलं.

"आवं, काय कळवायचं भावाला?"

"सोमवारी सांगलीस्नं आल्यावर कळवू. तवर थांब."

"दिवा पेटंल न्हवं पण?"

"अंजना, लडाखात उणं वीसमधी पेटिवलाय. ह्यो सांगलीत न्हाई व्हय पेटायचा?"

त्यानं जे केलं ते जीव ओतून केलं, यात शंका नाही. नवी चकती पहिल्यापेक्षा नेटकी बसवली. पुढचा आणि मागचा, दोन्ही दिव्यांच्या पट्ट्या काढून चिंचेनं उजळल्या. स्क्रूची भोकं घासली. आणि या खेपेला परतीची वाट अजिबात कच्ची राहू नये म्हणून निळी तार बॉडीला एका जागी नव्हे, दोन जागी डागली. घरी रूळ नव्हते. तपासायला काही नव्हतं. तपासायची गरज त्याला वाटलीही नाही.

सोमवारी वकिलांनी इंजिन स्वतःच्या हातानं रुळावर ठेवलं. विनोदिनीबाई पदरात हात गुंडाळून उभ्या होत्या.

या वेळी धूरही फारसा आला नाही. टिक असा एक आवाज झाला, नख मोडल्यासारखा. इंजिन हललं नाही. दिवा पेटला नाही. फक्त वास आला, आणि तो वास आता तिघांच्याही ओळखीचा होता.

आकाराम हळूच खाली बसला. डोळे रुळांच्या रेषेत आले. तसाच तो खूप वेळ इंजिनाकडं बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून आपला तपासणीचा दिवा काढला. दोन तारांचा, ट्रॅक्टरवर वापरायचा. एक तार पलीकडच्या रुळाला लावली आणि दुसरी, काय मनात आलं कुणास ठाऊक, इंजिनाच्या बॉडीला लावली.

तपासणीचा दिवा पेटला. लख्ख.

आकारामनं तार काढली. पुन्हा लावली. पुन्हा लख्ख.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी साधा होता, "ह्याची बॉडी बॉडी न्हाई. एका अंगाची चाकं लोखंडातनं बॉडीला भिडल्यात. म्हंजे अख्खी बॉडी रुळाचा करंट अंगावर घिऊन हुभी हाय. ती परतीची वाट न्हाईच. दिवा मंद का हुता कळलं? चकतीकडं परतायची वाट न्हवती त्याला, रुळातला निम्मा करंट चोरून पेटत हुता. आन मी निळी तार बॉडीला लावली, म्हंजे चकतीच्या पोटातला करंट सरळ रुळावर आपटला. तिनं जळायचंच."

वकिलांनी जर्मन कागद पुढ्यात ओढला.

"दिवा बॉडीवरनं उचलाय पायजे. त्येला सोताची दुसरी तार पायजे, थेट निळीला. बॉडीला कशाचाच पाय लागता कामा न्हाई. चित्रात दावलंय तसं."

"पहिल्या दिवशी मी दाखवलं होतं," वकील म्हणाले. रागावून नव्हे. साक्षीदाराला विचारावं तसं.

"व्हय. दावलं हुतं."

"तुम्ही हसला होतात."

"व्हय साहेब."

आकाराम उठला. त्याच्या डोळ्यांत एक विचित्र चमक होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवं शिकलेल्या माणसाची. "आता मला कळलंय. आता चूक हुणार न्हाई. नऊच्या नऊ इंजनं करून दीन. फकस्त एक चकती..."

"आकाराम," वकील थांबून म्हणाले, "चकती नाही."

खरंच नव्हती. मुंबईत नव्हती, पुण्यात नव्हती. जी विद्या आकारामच्या हाती त्या सकाळी आली, ती चालवायला अख्ख्या मुलखात एक नखाएवढी वस्तू नव्हती.

"सुमंतला कळवा की," विनोदिनीबाई हळूच म्हणाल्या.

"काय कळवू? दोन दिल्या, दोन्ही जाळल्या, तिसरी धाड?" वकिलांनी इंजिन उचलून काचेच्या कपाटात ठेवलं. त्याच्या दिव्याची पट्टी चिंचेनं इतकी उजळलेली होती की काचेतून ती पेटल्यासारखी दिसत होती. "राहू दे. जुनी पद्धत बरी आहे. हॉलचं पुढं बघू."

पुढं बघू म्हणजे काय, हे सरकारी कचेऱ्यांत उभं राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आकारामनं चहा घेतला, बशी पालथी घातली, बाईंना नमस्कार केला आणि जिना उतरला.

घरी आल्यावर अंजनानं विचारलं नाही. त्यानं सांगितलं. सगळं, चाकापासून निळ्या तारेपर्यंत. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण एक कळलं.

"म्हंजे आता येतंय तुमास्नी?"

"व्हय. आता येतंय."

"आन आता काम न्हाई."

"न्हाई."

तिनं भाकरी उलटली. थोड्या वेळानं तिनं भावाला पत्र लिहायला शेजारच्या शाळकरी साक्षीला बोलावलं.

एक तारखेच्या सकाळी आकाराम निघाला. खाकी कपडे अंजनाच्या भावानं आधीच पाठवले होते. सदरा खांद्यात आवळ होता. हातात पत्र्याची ट्रंक. हंबीरराव कट्ट्यावर बसला होता. त्याच्या जिभेवर काहीतरी आलेलं होतं, ते दिसत होतं. पण आकाराम समोर आला तसा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "जा गड्या, सांभाळून."

"येतो," आकाराम म्हणाला.

देवळावरनं तो फाट्याकडं वळला. सैन्यात शिकलेली चाल त्याच्या पायात अजून होती, एका मापाची. दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळं तो लवकर लहान झाला. एकदा त्यानं ट्रंक या हातातनं त्या हातात घेतली. मागं बघितलं नाही. अंजना दारात उभी होती, एक पाय उंबऱ्यावर ठेवून, आणि उसाआड तो दिसेनासा होईपर्यंत ती तिथनं हलली नाही.